बारावा खटका

१

पावणेपाच वाजले की मुहय्यो ओपा, म्हणजे सगळ्यांची मुहय्योताई, स्टुलावरून उठायची, आपल्या गुडघ्यांना चार शब्द सुनावायची आणि खटके पाडायला घ्यायची.

लांब टेबलावर अकरा यंत्रं होती. सगळी सोव्हिएत काळातली, करड्या रंगाची, उचलायला गेलं तर कंबर धरावी अशी. काही विजेचा दाब मोजणारी, काही पडद्यावर लहरी दाखवणारी, आणि दोन अशी की ती काय मोजतात हे सांगणारं आता कुणी हयात नव्हतं. प्रत्येकाच्या तोंडावर उजव्या कोपऱ्यात पोलादी दांडीचा खटका. दांडी वर की यंत्र चालू, खाली की बंद. ओपा डाव्या टोकापासून एकेक दांडी पाडत जायची आणि मोठ्यानं मोजायची. "एक. दोन. तीन."

ही तिची लहर नव्हती, प्रयोगशाळेचा नियम होता. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं दाराशी उभं राहून शेवटचा आकडा परत म्हणायचा, आणि मगच भिंतीवरचा मुख्य खटका ओढायचा. आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. इथं चाळीस माणसं काम करायची तेव्हा कुणीतरी हा नियम केला. माणसं गेली, नियम राहिला. नियमांची तब्येत माणसांपेक्षा ठणठणीत असते. आता ओपाच मोजायची आणि दाराशी जाऊन स्वतःलाच उत्तर द्यायची.

त्या सोमवारी, जुलैच्या रखरखीत उन्हाळ्यात, तिनं शेवटची दांडी पाडली, "अकरा" म्हटलं, चष्मा खिशात घातला.

आणि मागं कुठंतरी खट् झालं.

ती थांबली. खोलीत दुसरा आवाज नव्हता. खालच्या मजल्यावरच्या शेवयांच्या गोदामातला रेडिओसुद्धा बंद झाला होता.

"अकरा," दाराशी जाऊन ती स्वतःला म्हणाली, आणि मुख्य खटका ओढला. आपला आवाज तिला जरा मोठा वाटला.

२

आवाज आला म्हणून गळाठून जाणाऱ्यांतली ती नव्हती. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवतो, निवताना आखडतो, आखडताना वाजतो. हे कारण चांगलं होतं. तिनं ते मान्य केलं आणि शांत झोपली.

मंगळवारी कामाची घाई होती. कारखान्याची इमारत विकली गेली होती, शुक्रवारपर्यंत प्रयोगशाळा रिकामी करायची होती. ताश्कंदचा फजलिद्दीन ही यंत्रं उचलणार होता. परदेशातले शौकीन म्हणे असली यंत्रं दिवाणखान्यात मांडतात.

"शोभेला?" ओपानं विचारलं होतं.

"शोभेला. पण चालू हवीत, ओपा. खटका वर केला की दिवा लागला पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, हे नुसतं लोखंड आहे."

आणि नेमके खटकेच गेले होते. तीस-चाळीस वर्षांत आतलं वंगण सुकून डिंकासारखं झालेलं, स्प्रिंगा लुळ्या, संपर्काचे चांदीचे ठिपके काजळीनं काळे. काही दांड्या वर केल्या तरी यंत्र मुकं. काही खाली पाडल्या तरी दिवा तसाच. ओपा तारांचे कथलाचे डाग सोडवून खटका बाहेर काढायची, पत्र्याचे चिमटे उघडायची, स्पिरिटनं ठिपके पुसायची, रबरानं घासायची. अगदीच हाताबाहेर गेलेला असला तर बिस्किटांच्या डब्यातून जपून ठेवलेला नवा काढायची. मग यंत्राला थेट वीज न देता साठ वॉटच्या एका साध्या दिव्यातून द्यायची. यंत्रात कुठं तार तारेला चिकटली असेल तर दिवा भक्कन पेटून राहतो, यंत्र वाचतं. दिवा मंदावला की समजायचं, सगळं ठीक आहे.

दुपारी इक्रोम ओता वर आला. कारखान्याचा द्वारपाल; सगळे त्याला ओता, म्हणजे बाबा, म्हणायचे. वय पंचाहत्तर, आणि खोकला त्याच्या दहा पावलं पुढं चालणारा.

"पोरी, गुडघे."

"गुडघ्यांना काय झालं, ओता?"

"कोरडे पडलेत."

"स्पिरिट खटके पुसायला असतं."

"मग पूस की. मी आतून पुसून घेतो."

तिनं औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढं ओतून दिलं. त्यानं ते गुडघ्यांच्या बऱ्याच वरच्या ठिकाणी लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"ओता, काल पाच वाजता तुम्ही वर आला होतात?"

"संध्याकाळी? संध्याकाळी मला जिन्यावर चढवायला क्रेन लागते. का गं?"

"काही नाही."

त्या संध्याकाळी तिनं खटके हळूहळू पाडले, मध्ये श्वास घेऊन. अकरा झाले. ती टेबलाला हात लावून उभी राहिली, घड्याळातला काटा बघत. सात सेकंद गेले.

खट्.

पत्रा निवताना कडकतो, कुरकुरतो. हा आवाज तसा नव्हता. स्प्रिंग आधी ताणली जाते आणि मग दांडी पलीकडे पडते, त्याचा हा आवाज होता. चाळीस वर्षं ती हाच आवाज ऐकत आली होती. आणि तो भिंतीतल्या कपाटातून आला होता.

३

कपाटात काय आहे हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ते तिनं शेवटी उघडायचं ठरवलं होतं, आणि शेवट म्हणजे कधी हे ठरवलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तिनं ते उघडलं. आत एकच यंत्र, लहरी दाखवणारं, गोल हिरवट काचेचं. प्लगची तार गुंडाळून वर दोरीनं बांधलेली. खटक्यावर कागदाची आडवी पट्टी डकवलेली, पट्टीवर तारीख आणि तिचीच सही. फेब्रुवारी १९९५. पट्टी अखंड होती.

मुहय्योचा नवरा हमदम याच खोलीत, याच टेबलावर काम करायचा. तिनं त्याचं नाव कधी घेतलं नाही, लोकांत ती "नोझिमाचे वडील" म्हणायची, घरात "अहो." रोज मोजायची ती आणि दाराशी उभं राहून उत्तर द्यायचा तो. त्या फेब्रुवारीत त्याला अचानक ताश्कंदला बोलावणं आलं. गाडी फाटकाशी उभी होती, घरी जायला वेळ नव्हता. तिनं डब्यातला नान काढून त्याच्यापुढं धरला. दूर निघालेल्यानं नानाचा एक घास तोडायचा, उरलेला नान भिंतीवर टांगायचा. तो माणसाची वाट बघतो, आणि माणूस परत येऊन तो संपवतो. त्यानं घास घेतला, आणि भरल्या तोंडानं त्या गोल काचेच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"हे मुख्य खटक्याला वळसा घालून जोडलंय, चालू राहू दे. किती तास टिकतं ते बघायचंय. मी येईपर्यंत बंद करू नकोस हं, याचा खटका गेलाय. एकदा पाडलास तर पुन्हा धरेल याचा भरवसा नाही."

तिसऱ्या दिवशी आगीची तपासणी आली. साहेब म्हणाला, हे कुणाचं चालू आहे? बंद करा. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी तिनं दांडी खाली पाडली. साहेब गेल्यावर पुन्हा वर केली. धरली नाही. तिनं पन्नास वेळा वर केली.

ताश्कंदच्या वाटेवरच्या घाटात बर्फ कोसळलं ते त्याच दुपारी, अडीचच्या सुमारास. परतीच्या गाडीतले तिघं सापडले. चौथा सापडला नाही.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे तिनं स्वतःला एकोणतीस वर्षं पटवून दिलं होतं आणि ते तिला पूर्ण पटलं होतं. फक्त खटक्याची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. मुलीलाही नाही.

नान प्रयोगशाळेच्या दाराजवळच्या खिळ्याला कापडी पिशवीत अजून टांगलेला होता, लाकडासारखा वाळलेला. दीर सांगून थकले, आता पाखरांना घाला. ती म्हणायची, घालीन.

४

तिनं यंत्र टेबलावर आणलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं ते वजन नव्हे. ते गार होतं.

बाहेर बेचाळीस अंश. खिडकीची चौकट हाताला चटका देत होती. कपाट पश्चिमेच्या भिंतीला, दिवसभर उन्हात भाजणारं. आणि यंत्राच्या पत्र्यावरून बोट फिरवलं तर बोटाखाली दव.

"कपाटात हवा खेळत नाही," ती मोठ्यानं म्हणाली. खेळत नसेल तर आत भट्टी व्हायला हवी होती, हे तिनं मोठ्यानं म्हटलं नाही.

पाठीमागच्या स्क्रूवर मेणाचा शिक्का होता, तोही अखंड. तिनं तो फोडला, पत्रा सरकवला. आत तळाशी चमचाभर पाणी साचलं होतं. स्वच्छ पाणी. तिनं ते फडक्यानं टिपलं आणि फडकं पिळताना तिची बोटं बधिरली.

मग खटका काढला. चिमटे उघडले आणि ती तशीच बसून राहिली.

न वापरलेला खटका कसा मरतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो गंजतो, चिकटतो, काळवंडतो. हा वापरून मेला होता. चांदीचे ठिपके घासून घासून नाहीसे झाले होते, खालचं पितळ खड्ड्यासारखं खोल गेलं होतं, दांडी फिरते ते भोक लंबगोल झालं होतं. आणि दांडीचं आतलं टोक, जे पेटीच्या आत असतं, ज्याला कुणाचं बोट कधी लागत नाही, ते आरशासारखं गुळगुळीत होतं.

खटक्याच्या कागदावर आयुष्य लिहिलेलं असतं: दहा हजार वेळा. तिनं पेन्सिल घेतली. एकोणतीस वर्षं आणि पाच महिने, रोज एकदा. दहा हजार सातशेच्या आसपास.

तिनं पेन्सिल खाली ठेवली, ती सरळ रेषेत ठेवली, आणि मग आणखी एकदा सरळ केली.

"पोरी, रंग का उडालाय?" इक्रोम ओता दारात येऊन खोकला.

"ऊन."

"ऊन लागलं की माणूस लाल होतो. तू दह्यासारखी झालीयस." त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. "इथं पाणी कुणी सांडलं? घसरून पडलो असतो तर तुझ्या सगळ्या स्पिरिटनं भागलं नसतं."

त्या दिवशी तिनं चार वाजताच मुख्य खटका ओढला. मोजलं नाही.

५

गुरुवारी तिनं डब्यातला शेवटचा नवा खटका त्या यंत्राला बसवला. तारांना डाग दिले, पुन्हा तपासले. हात थरथरत नव्हते. हातांना काम दिलं की ते मालकिणीचं ऐकत नाहीत.

आता उरलं होतं एवढंच की दांडी वर करायची. ती तिनं केली नाही. चहा केला. प्याली धुतली. बाकीच्या अकरांची धूळ पुसली.

संध्याकाळी ताश्कंदहून नोझिमाचा फोन आला.

"आई, सामान बांधलंस का? रविवारी न्यायला येऊ?"

"एक यंत्र राहिलंय."

"फेकून दे गं ते एक!"

"त्याचा खटका मीच बंद केला होता."

"कधी?"

तेवढ्यात पलीकडे नातवानं काहीतरी फोडलं आणि नोझिमा ओरडत निघून गेली.

चालू केलं तर काय होईल, हे ती रात्रभर घोकत होती. काहीच होणार नाही. हिरवी रेघ येईल, फजलिद्दीन खूष होईल. हेच होणार. पण तसं झालं तर ती एकोणतीस वर्षं कशाला भीत होती? आणि तसं झालं नाही तर, म्हणजे कुणी खरोखरच रोज ती दांडी आतून ढकलत असेल, एका माणसाच्या परत येण्याएवढी वीज मागत असेल, तर तिनं नवा खटका हातात असताना ती नाकारायची? दुसऱ्यांदा?

६

शुक्रवारी दुपारी इक्रोम ओता नमाजाला गेला. गोदामाला कुलूप होतं. मजल्यावर ती एकटी.

तिनं प्लग त्या साध्या दिव्यातून जोडला आणि दांडी वर केली. दिवा भगभगला, मग मंदावला. सगळं ठीक. आता काच तापायला मिनिटभर लागतं. ती समोर बसून राहिली. काळोख्या गोल काचेत तिच्या पाठीमागची खोली दिसत होती, वाकलेली, बारीक. टेबल, खिडकी, उघडं दार, दाराजवळच्या खिळ्याची पिशवी.

जिन्यावर पावलं वाजली.

खोकला नव्हता. पावलं जड होती, जाड बुटांची, आणि प्रत्येक पावलाखाली काहीतरी करकरत होतं. कोरड्या ताज्या बर्फावर चालताना होतो तो आवाज. बाहेर जर्दाळूच्या झाडावर चिमण्या ओरडत होत्या, खिडकीतून लू येत होती, आणि तिच्या मानेवरचे केस गार पडत चालले होते.

पावलं दाराशी थांबली.

"अकरा," मुहय्यो म्हणाली. तिला म्हणायचं नव्हतं. तोंडानं आपोआप म्हटलं.

"बारा," दारातून उत्तर आलं.

आवाज ओळखीचा होता असं ती आजही सांगत नाही. भरल्या तोंडानं माणूस बोलतो तसा होता.

मान वळवायचं तिला सुचलं नाही. काचेत दार नखाएवढं दिसत होतं, आणि त्या नखाएवढ्या दारात कुणीतरी उभं होतं. खांदे पांढरे. भर जुलैत. त्यानं एक हात वर केला, पिशवीकडे, फार हळू, जसा खूप वजनाखालून काढलेला हात उचलावा. मग ते अंगानं थोडं वळलं, तिच्या दिशेनं, आणि त्याच क्षणी काच तापली. हिरवी रेघ उमटली आणि त्या आकृतीच्या बरोबर गळ्यावरून आरपार गेली. रेघेच्या वर चेहरा येऊ लागला.

खट्.

हात तिचाच होता, हे ती नाकारत नाही.

दिवा विझला. काच काळी झाली. दारात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर पाणी होतं आणि पाण्यात मुठीएवढा बर्फाचा गोळा, बघता बघता लहान होणारा. पिशवी खिळ्यावर झुलत होती.

ती दारापर्यंत गेली, धावत परत आली आणि दांडी वर करू लागली. कालचा कोरा खटका, तो तिच्या बोटाखाली लुळा पडला होता. धरेना. तिनं किती वेळा वर केली हे मोजलं नाही. पन्नासाच्या पुढं गेली असेल.

मग तिनं पिशवी उतरवली. नान तसाच होता, वाळून कडक. एका कडेला जुना घास, पिवळा पडलेला. त्याच्या शेजारी दुसरा घास. त्याची कड ओली होती.

दूर निघालेला माणूस घास घेतो. म्हणजे तो आला होता, आणि तिनं दांडी पाडल्यावर पुन्हा निघाला होता. पहिल्यापासून.

७

फजलिद्दीननं अकरा यंत्रं गाडीत चढवली. "बारावं कुठंय, ओपा?"

"ते नाही द्यायचं."

"चालत नाही का?"

"चालतं. पण माझ्या घरी नेऊन दे."

"शोभेला?" तो हसला. तिच्याकडे पाहून त्यानं हसणं आवरतं घेतलं.

घरी तिनं यंत्र स्वयंपाकघरातल्या मेजावर ठेवलं, नानाची पिशवी दाराजवळ टांगली. नवा खटका शोधलाच नाही. लुळा पडलेला उपटून काढला, त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळल्या आणि वर कथलाचा जाड डाग दिला. असं करायला चाळीस वर्षं तिनं शिकाऊ पोरांना बंदी केली होती. पण आता त्या यंत्राला बंद व्हायची सोयच उरली नाही. प्लग भिंतीत घातला आणि भिंतीपुढं कपाट सरकवलं, म्हणजे भीतीनं हात आपोआप गेलाच तरी पोचू नये. हिरवी रेघ आली. ती काचेसमोरून उठून दाराकडे तोंड करून बसली.

नोझिमाला कळवलं, या रविवारी येऊ नका.

शनिवारी गल्लीच्या टोकाला काहीतरी करकरलं. रविवारी शेजारच्या भिंतीपाशी. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "ओपा, दिवसासुद्धा दिवे? सरकारनं तुमच्या विजेसाठी वेगळी नदी अडवलीय वाटतं." मुहय्योनं दाराकडून नजर हलवली नाही. रात्रभर ती बसून होती. तिला भयंकर भीती वाटत होती, आणि ती जागची हलणार नव्हती. या वेळी तो आत येऊन नान संपवील. मग जे व्हायचं ते होवो.

सोमवार तिसरा दिवस. दुपारी फाटकाची कडी वाजली. अंगणात पावलं आली, करकरत, जर्दाळूखालून, पायरीपर्यंत. दाराखालच्या फटीतून गारठा तिच्या पावलांना लागला.

पंख्याची घरघर मंद होत गेली. काचेतली हिरवी रेघ आकसली, ठिपका झाली आणि गेली. गल्लीतून लोकांचा नेहमीचा ओरडा उठला. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा उठतो तो, शिव्या आणि हसू मिसळलेला.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाहेरचं पाऊल थांबलं.

"हमदम," मुहय्यो म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याचं नाव घेतलं. "हमदम, या वेळी मी नाही. या वेळी मी नाही केलं."

दाराकडे बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं. तिनं पिशवीकडे पाहिलं.

पिशवी झुलत होती, शुक्रवारी झुलली होती तशी.